बोटीच्या पोटातलं पाणी

१ डिसेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सून संयोगिता लिहिणार. मी हाय म्हणते, ती आहे लिहिते. बारावी झालेली आहे, चालायचंच. मनातलं सगळं सांगायचं ठरवलंय, कारण हे कुणी वाचायचं नाही. मी तर नाहीच.

निमित्त असं की बोटीवरचा चहा फाटला.

बोट म्हणजे आमच्या थोरल्याची, लालासाहेबाची लाँच. मिलिटरीतनं हवालदार होऊन सुटला आणि कोयनेच्या फुगवट्यावर पर्यटक फिरवायला ही घेतली. मागं इंजिन, वर बाकडी, मध्ये माझं स्वयंपाकघर. पुढं नाकाशी फळ्यांखाली प्यायच्या पाण्याची पाचशे लिटरची टाकी. २८ तारखेला मिरजेचे चाळीस डॉक्टर येणार आहेत. जेवण, चहा, पाणी आपलं. एवढी मोठी पार्टी पहिलीच.

लाला म्हणतो, पाण्याला वास हाय. मला आला नाही. सर्दी झालीय. दूधच नासकं असणार.

उद्यापर्यंत निस्तरते.

२ डिसेंबर, मंगळवार. सकाळी

लालानं टाकीचं झाकण काढलं. ताटाएवढं तोंड. बॅटरी मारली. कुंकवाचा तवंग, फुगलेले तांदूळ, एक सुपारी, आणि पांढरं तार सुटणारं काहीतरी.

लाला म्हणाला, आये, ह्यात काय घातलंस? म्हटलं, देवाचं.

यात लपवण्यासारखं काही नाही. नवी बोट पाण्यात सोडली त्या दिवशी मी धरणाच्या पाण्याची ओटी भरली. खण, नारळ, सगळं रीतीनं. मग मनात आलं, बाहेरच्या पाण्याची पूजा झाली आणि बोटीच्या पोटातलं पाणी तसंच राहिलं. ते काय सावत्र आहे? कळशीभर पंचामृत उरलं होतं. ओतलं. अक्षता टाकल्या. गणपतीची सुपारी होती, तिचं तिथंच विसर्जन केलं.

लाला म्हणाला, आये, दूध-दही बंद टाकीत पंधरवडाभर कोंडलंस. मी म्हटलं, पंचामृत आजवर कुणाला बाधलेलं नाही, वास प्लास्टिकचा आहे.

संयोगिता लिहिताना खोकतेय. थंडी वाढलीय.

४ डिसेंबर, गुरुवार

लाला साताऱ्याला गेला होता, म्हणून काम हातात घेतलं. सगळी हयात रांजण घासण्यात गेली. टाकी म्हणजे आडवा रांजण.

काथ्या आणि राख घेतली. हात खांद्यापर्यंत आत गेला, तळ काही लागला नाही. मग राख वरनंच सोडली. तुरटीचा खडा फिरवला. घाण तळाला बसते, वरचं निवळतं. घरी एका रात्रीत काचेसारखं होतं.

संध्याकाळ झाली तरी निवळेना. कारण सापडलं. बोट हलते. जरा तळाला बसलं की लाट येते, की सगळं परत वर.

लाला आल्यावर त्याला म्हटलं, उद्या सकाळपर्यंत बोट हलू देऊ नको. म्हणाला, आये, बोट हाय ती. म्हटलं, घट्ट बांध की मग. तो इंजिनाकडं निघून गेला. इंजिनाला काही झालेलं नव्हतं.

थोडक्यात, तुरटी चांगली आहे. बोटीत खोट आहे.

७ डिसेंबर, रविवार

दोन दिवस लालाची मिलिटरी चालली होती. सगळं पाणी उपसलं. लांब दांड्याच्या ब्रशनं टाकी आतनं घासली. ब्लीचिंगचं पाणी भरून रात्रभर ठेवलं, सकाळी सोडून दिलं. मग वाडीच्या झऱ्यावरनं पाइप लावून दोनदा भरली, दोनदा रिकामी केली, तिसऱ्यांदा भरून ठेवली. मला काठावर बसवून ठेवलं होतं. म्हणे सिव्हिलियन लोकांनी लांब राहायचं.

वर ऑर्डर. म्हणाला, आये, परत टाकीला हात लावलास तर शीजनभर विश्रामबागला.

विश्रामबागला म्हणजे सांगलीत, धाकट्या नानासोकडं. तिसरा मजला. त्यानं माझ्यासाठी खोली रिकामी केलीय म्हणे, लय जीव लावतो. पण तिथं आपल्या खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी दिसते. सकाळी उठून करायचं काय, तर आराम. इथं पाहुणे बोटीतनं उतरताना विचारतात, पिठलं कुणी केलं होतं. मी जाणार नाही.

संकल्प: टाकीला हात लावायचा नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

हात लावला नाही. वाळ्याची जुडी दोऱ्याला बांधून आत सोडली. हातात दोरा होता.

पाण्याला ब्लीचिंगचा वास मारत होता, दवाखान्यासारखा. डॉक्टर बिचारे वर्षभर तोच वास घेतात. सहलीला येऊनही तोच? माठात वाळा घालतातच की.

दुपारी. दोरा तुटला.

संध्याकाळी. वाळा टाकीतनं पाणी ओढायच्या पंपात गेला. पंप बंद पडला. लालानं पंप खोलून एक एक मूळ बाहेर काढलं आणि माझ्यासमोर फडक्यावर ओळीनं मांडलं. ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं. मी म्हटलं, पण पाणी गार किती लागतंय बघ.

परत उपसणं. परत ब्लीचिंग. विश्रामबागचं नाव निघालं नाही. विसरला असेल.

१२ डिसेंबर, शुक्रवार

डॉक्टरांचा निरोप आलाय, पाणी आधी तपासून घ्या. साताऱ्याला लॅबमध्ये द्यायचं. लालानं उकळलेली बाटली आणून ठेवली आणि म्हणाला, हात धुऊन येतो, मग टाकीतलं भरू.

मी विचार केला. टाकीत वाळ्याचं एखादं मूळ राहिलं असलं तर? एवढ्याशा मुळापायी नापास, आणि मग मी विश्रामबागला. म्हणून बाटली घेतली आणि झऱ्यावर जाऊन भरून आणली. पाणी तेच. टाकीत जायच्या आधीचं, एवढंच. झऱ्याचं पाणी मी सून म्हणून आले त्या दिवसापासनं पितेय.

लालानं विचारलं, भरलीस? म्हटलं, भरली. यात खोटं कुठंय.

हे कुणाला कळायचं कारण नाही. मी कुणापाशी बोलणार नाही. संयोगिताला म्हटलं, हे जरा सावकाश सांगते, नीट लिही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

नापास.

लाला फोन ठेवून म्हणाला, संडासातले जंतू निघाले. एवढं घासून.

माझ्या लगेच ध्यानात आलं. टाकीचा दोष नाही. पंचामृताचाही नाही. झराच बिघडलाय. मी पहिल्यापासनं बरोबर होते, आणि हे जगात कुणाला सांगायची सोय नाही. सांगायचं तर बाटली कुठं भरली ते आलं.

पुढं ऐका. लाला म्हणाला, टाकी काढून टाकतो, डॉक्टरांना झऱ्याचं ताजं पाणी जारात भरून देतो. म्हणाला, झऱ्यासारखं पाणी न्हाई. हे मीच त्याला लहानपणापासनं सांगितलंय.

त्यानं तांब्या भरून घेतला आणि माझ्यासमोर घटाघटा प्याला. मी म्हटलं, गार पाणी पिऊ नको, घसा धरेल. म्हणाला, आये, मी लडाखला होतो. दुसरा तांब्या घेतला.

भाकरी गेली नाही मला.

संकल्प: काहीतरी करायचं. चाळीस डॉक्टरांना दिवसभर नुसता चहाच पाजावा, म्हणजे पाणी उकळेल. आणि लालाला? त्याला चहा आवडत नाही.

२० डिसेंबर, शनिवार

काल संयोगिता पेन ठेवून उठली, चुलीवरचं बघून येते म्हणाली. चूल विझलेली होती.

सकाळी लालाला सगळं माहीत. झरा, बाटली, सगळं. कसं कळलं देव जाणे. घरात आम्ही दोघीच होतो, आणि ती तर माझ्यासमोर लिहीत बसली होती. झऱ्यावर कुणीतरी पाहिलं असणार. लोकांना उद्योग नाहीत.

तो उठून झऱ्याच्या वर चढून गेला. वरच्या अंगाला कुणीतरी नव्या संडासांचे खड्डे घेतलेत, नुसते, आत बांधकाम नाही. वाडीत सांगून आला, झऱ्याचं पाणी कुणी पिऊ नका. घरचे हंडे स्वतः ओतून दिले.

मग माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, आये, बरं झालं कळलं.

मला जरा हुशारी आली. मग म्हणाला, नानासोला फोन केलाय. मी म्हटलं, आत्ताच बरं झालं म्हणालास. म्हणाला, ते पण खरं, हे पण खरं.

मी म्हटलं, आता तर टाकीचा काही दोष राहिला नाही. म्हणाला, टाकीचा कधीच नव्हता.

२८ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी, बस सुटायच्या आधी

डॉक्टर आले. विकतच्या पाण्याचे जार चढवून ठेवले होते. चाळीस डॉक्टर आणि चाळीस बाटल्या, मिरजेहून घरनं भरून आणलेल्या. जाराकडं कुणी फिरकलं नाही. चहा तेवढा घेतला. फाटला नाही.

एका डॉक्टरीणबाईनं विचारलं, आजी, तुम्ही बोटीवर काय बघता? म्हटलं, पाण्याचं सगळं माझ्याकडं असतं. लाला मागंच उभा होता. ऐकलं त्यानं. आणि जार पुसायला लागला. गुणाचा आहे.

त्यांच्या बसमध्ये एक सीट रिकामी निघाली. मिरजेला जाताना सांगली लागतेच, मुद्दाम एसटी कशाला. चार दिवस जाऊन येते, नानासोचंही मन राहील. पिशवी संयोगितानं आधीच भरली होती. उघडून बघितली. स्वेटर, गुडघ्याचं तेल, सहा लुगडी. खाली छत्री.

डिसेंबरात छत्री कशाला, विचारलं. म्हणाली, असू द्या आत्याबाई.

५ जानेवारी, सोमवार. विश्रामबाग

फोनवरनं सांगतेय, संयोगिता तिकडं लिहितेय.

आराम केला. जेवले. परत आराम केला. नानासो म्हणतो, आई, तू कशाला हात लावू नको. लावला नाही.

बोटीचं विचारलं. संयोगिता म्हणाली, लालानं टाकी काढली. त्यामुळं एक झालं, बोटीचं नाक वर उचललं गेलं. पुढचं पाचशे लिटरचं वजन गेलं ना. वळताना झोल जातो. म्हणून नाकाशी वाळूची पोती रचलीत.

मी म्हटलं, पोती कशाला, मी बसले असते की तिथं. नुसतं बसायचंच तर आहे.

तिनं आधी ते लिहून घेतलं. मग म्हणाली, आत्याबाई, तुमचं वजन पुरायचं न्हाई.