डबा ओळख देत नाही

सोमवार, ७

गेला! मामाच्या ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर सकाळी दोनदा टकटकला आणि मान टाकली. जमीनमोजणीचे सगळे नकाशे त्यात. शुक्रवारी द्यायचेत. मामा कपाळाला हात लावून बसला.

मी म्हटलं, "घाबरतोस काय! बॅकअप आहे की." माळ्यावर तो नेटवर्कचा काळा डबा आहे ना — दर शनिवारी सगळं आपोआप त्यात उतरतं. (शनिवारी मला सुट्टी. मामाचे लाड!) नवी डिस्क घालायची, पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, डब्यातून सगळं परत ओढायचं. एका दिवसाचं काम.

"गुरुवारपर्यंत," मामा म्हणाला. "नाहीतर इंजिनियर बोलावतो. आणि तुझ्या आईला सांगतो, याला परत कॉलेजात घाल."

बघच तू!

मंगळवार, ८

डबा दिसतच नाही. नावाने शोधला — सापडत नाही म्हणे. दुपारी सुचलं, नाव सोडून थेट त्याचा नेटवर्कवरचा नंबर टाकला. दिसला! आता पासवर्ड मागतो. आधी इथे कामाला होती ना, तिने लिहून ठेवलेला कागद ड्रॉवरमध्ये आहे अजून. अक्षर बघत बसलो. मग पासवर्ड टाकला.

प्रवेश नाकारला. पुन्हा. नाकारला. अकरा वेळा!

नोकरी सोडताना बदलून गेली. नक्की! दोन महिने झाले जाऊन, तरी माझी वाट अडवतेय.

मामा म्हणतो, "फोन करून विचार ना तिला." मेलो तरी करणार नाही! शेवटचं बोलली ते अजून कानात आहे — "कॉलेज सोडलंस म्हणून नाही रे. नाही म्हटलेलं तुला ऐकूच येत नाही, म्हणून नाही." चारचौघांत! बरं, मीही 'माझी होशील का' असं विचारलं होतं चारचौघांतच. तिसऱ्यांदा.

बुधवार, ९

मामाने स्वतःच्या लॅपटॉपवर तोच पासवर्ड टाकला. डबा उघडला. मुकाट्याने!

म्हणजे तिने काहीच बदललं नव्हतं.

"आता कोणावर खापर फोडणार, भाचेबुवा?"

केबल बदलली, पेनड्राइव्ह नव्याने बनवला. मोठ्या मशीनवर तेच — नाकारला. घरी ताट सरकवलं. आई म्हणाली, "यंत्राचा राग अन्नावर का?" दार आपटलं.

गुरुवार, १०

सापडलं!! तो नकार वाचून वाचून पाठ झाला होता, पण त्याच्याखालची तारीख कधी वाचलीच नव्हती. तेरा वर्षांपूर्वीची! मशीनच्या आतला नाण्याएवढा सेल संपलाय, त्यामुळे घड्याळ मागे पळालंय. डब्याचं तरी काय चुकलं? तेरा वर्षं मागे राहिलेला कोणी दार ठोठावतोय — कोण आत घेईल?

सेल बदलला. वेळ लावली. तोच कागद, तोच पासवर्ड — उघडला! बॅकअपच्या यादीत शेवटची तारीख शनिवार, ५. एकही नकाशा गेला नाही.

"बघितलंस? आपोआप!"

मामा हसता हसता थांबला. "आपोआप काही होत नसतं रे. ती येते शनिवारी, तासभर. मीच विनवलं होतं. तिची अट एकच — तू नसायला हवंस. सुट्टी काय लाड म्हणून दिली तुला?"

पडद्यावर टक्के सरकत होते. एकसष्ट. बासष्ट. बघत बसलो. काहीतरी बघायला हवं होतं.

शुक्रवार, ११

नकाशे गेले वेळेत. इंजिनियर नाही, कॉलेज नाही. जिंकलो! मामाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आता मला कोणी शिकवू नये.

उद्या अकराला येणार ती. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून ऑफिसचं दार नीट दिसतं. नुसतं बघितलं तर काय बिघडतं? रस्ता कोणाच्या बापाचा नाही! जाणार. जाणारच!

शनिवार, १२

काल वही मिटली आणि परत ऑफिसात गेलो. बॅकअप घेतला, माझ्या हाताने. मामाला म्हटलं — कळव तिला, आता यायला नको. शनिवारचं मी बघतो.