आषाढातले सूर्यडाग

मिठबाव,
९ सप्टेंबर

प्रिय तन्वी,

बाबांना जाऊन महिना झाला तेव्हा येऊन गेलीस आणि जाताना त्यांच्या चोवीस वह्या पुण्याला नेल्यास. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मामासमोर माझी जीभ उचलली नाही.

तू जन्मलीस त्या वर्षी त्यांनी सूर्यावरचे डाग टिपायला घेतले. टपाल वाटायला निघण्याआधी घरापुढच्या खळ्यात दुर्बीण लावायची, कोऱ्या कागदावर सूर्याचं बिंब पाडायचं आणि दिसतील तेवढेच डाग पेन्सिलीने काढायचे. अकरा वर्षांत डाग वाढतात, ओसरतात आणि मधे सूर्याचे चुंबकी ध्रुव उलटतात, म्हणून पुरा फेरा बावीस वर्षांचा, हे मला त्यांनीच शिकवलं. आभाळ असलं की पानावर फक्त 'ढग' लिहायचे. अंदाजाने एक ठिपकासुद्धा कधी दिला नाही.

काचबिंदूने नजर गेली तशी मी काढू लागले. तुला कळवू नको म्हणाले. पुढे अंथरूण धरलं, तरी सकाळी विचारायचेच, "आज किती गो?"

आषाढ लागला आणि सूर्य दिसेना. तीन दिवस मी "ढग" म्हटलं. तिन्ही दिवस त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, पेजेला शिवले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या तोंडून गेलं, "दोन आसत, डाव्या अंगाक." उठून बसले, वाटीभर पेज प्यायले.

पण फसवणूकही सोपी नव्हती गं. दुसऱ्या दिवशी लगेच, "कालचो डाग खंय पोचलो?" डाग तेरा-चौदा दिवसांत बिंब ओलांडतो हे त्यांना पाठ. मग मी रोज ते दोन्ही थोडे थोडे पुढे सरकवायचे, पलीकडच्या कडेला मावळले की डावीकडे नवे आणायचे, पानावर काढायचे, त्यांचं बोट धरून दाखवायचे. जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "बरा काढतंस हां आता." त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

काल फोनवर तू म्हणालीस, सूर्यासारख्या दूरच्या ताऱ्यांवरचे डाग कुठल्याच दुर्बिणीतून नीट दिसत नाहीत, नुसता उजेड किंचित घटतो-वाढतो. त्याचा अर्थ लावायला बाबांच्या वह्या प्रबंधात घेणार आहेस. रात्रभर डोळा लागला नाही. शेवटच्या वहीतली शेवटची एकोणीस पानं खोटी आहेत, तन्वी. ती त्यांच्या नावावर लावू नकोस. त्या दिवसांपुढे 'ढग' लिही. पण ती पानं फाडून फेकू नकोस, मला पाठवून दे.

तुझीच,
आई