पटर कधी वाकला

१२ जाने.
राजूरकर येऊन गेला. तोंडावर अहो म्हणते, मनात अरेतुरे. पाणी दिलं, चहा टाकला नाही. गोल्फ क्लबचा कॅप्टन आता तोच. ह्यांच्या नावानं स्मृतिचषक ठेवायचा म्हणतो. नोव्हेंबरच्या चषकात पटरवरून, चेंडू होलमध्ये ढकलायच्या काठीवरून, ह्यांना बाद करायला राजूरकरनंच लावलं. स्वतः दुसरा होता तो पहिला झाला. त्यानंतर एकोणीस दिवसांत हे गेले. आता ह्यांच्या नावाचा चषक वाटणार.
म्हटलं, "आधी ते बाद काढा."
"वहिनी, पटर वाकलेला होता. खेळताना वाकला असता तर काही हरकत नव्हती. ते वाकलेलाच घेऊन उतरले. नियम आहे, मी काय करू?"
"सातव्या होलला पडले होते. अंगाखाली आला."
"असं ते म्हणाले. पाहिलं कुणी?"
तो गेल्यावर दार लावलं. शेजारच्या काकू बाहेर आल्या, काय पडलं म्हणून.
हे म्हणायचे, तुझा राग बिजागऱ्यांना कळतो.

१४ जाने.
संक्रांत. यंदा वाण नाही, हळदीकुंकू नाही. बरंय. गोड बोलायची सक्ती नाही.
ह्यांचं नियमांचं पुस्तक काढलं. पेन्सिलीच्या खुणा आहेत, सोपं गेलं. राउंड चालू असताना पटर कसाही बिघडो, पडून, चुकून, अगदी रागानं आपटूनसुद्धा, उरलेली राउंड त्यानंच खेळता येते. आधीच वाकलेल्यानं एक फटका मारला तरी बाद. म्हणजे राग चालतो, फक्त वेळेवर यायला हवा.
ज्या माणसानं जन्मात कप आदळला नाही त्याला ह्या सवलतीचा काय उपयोग.

१६ जाने.
छावणीत जाऊन सलीमभाईंना गाठलं. बारा वर्षं ह्यांची बॅग त्यांनी उचलली. क्लबच्या कमिटीनं त्यांना बोलावलंच नव्हतं. कॅडीला काय विचारायचं!
"गिरे थे मॅडम. पैले बैठे, फिर गिरे. पसीना-पसीना. मैं बोला, साब, वापस चलते. बोले, सलीम, अजून अकरा होल बाकी आहेत. और बोले, बाईसाब को बोलना नक्को."
पटर अंगाखाली आला का?
"वो नै देखा. मैं पानी लाने भागा था." मग म्हणाले, "आप बोलो तो लिख देता, देखा करके. साब के वास्ते."
लिहून द्या म्हटलं.
माणूस घामानं निथळत जमिनीवर पडला होता. पडलो म्हणाले, ते ऐकून ह्या लोकांनी पटर टेबलावर ठेवला आणि फूटपट्टी लावली. एकानंही विचारलं नाही, का पडलात? घरी म्हणाले होते, पाय घसरला. मीही पुढं...

१८ जाने.
बाद काढावं म्हणून क्लबला अर्ज दिला. बुधवारी साडेदहाला कमिटी. पटर घेऊन या म्हणाले.
मेघाचा पुण्याहून फोन. "आई, सोड ना आता. बाबा असते तर हसले असते."
"बाबा नाहीत."
लेकीशी असं बोलायला नको होतं. पण राजूरकरनं सगळ्यांसमोर उभं राहून वाचायला हवं, चूक झाली म्हणून. तेवढं झाल्याशिवाय चषकाला ह्यांचं नाव देणार नाही.

१९ जाने.
पटर पुसायला घेतला. जिथं वाकलाय तिथं लाल रंगाचा टवका. माती नाही, गवत नाही. रंग.
खाली जाऊन गाडीची डिकी उघडली. काठाला पोचा, तिथला रंग उडालेला. गाडी लाल.
नोव्हेंबरात, चषकाच्या त्या रविवारी वैजापूरला बहिणीची वास्तुशांत होती. ऐन वेळी म्हणाले, चषक आहे, तू बसनं जा. थर्मास मीच खाली नेला. पटर बॅगेबाहेर होता का, आठवत नाही. पाहिलंच नाही. डिकी आदळली. लागली नाही म्हणून पुन्हा आदळली.
राग वेळेवर आला नाही. तासभर आधी आला.

२० जाने.
त्यांना माहीत होतं. बाद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन आलो, तेव्हा म्हणाले, "डिकी हळू लावत जा गं." मी म्हटलं, "मग तुम्हीच लावा." एवढंच. पुन्हा विषय नाही.
पण कधी कळलं? पहिल्याच होलला, की सगळं झाल्यावर? पडले हे खरं. अंगाखाली आला, हे... माझं नाव घ्यायचं नव्हतं, की चषक सोडायचा नव्हता? विचारायला माणूस नाही.
राजूरकर खरं बोलत होता. त्याच्यावरचा राग कमी व्हायला हवा. वाढलाच.

२१ जाने. सकाळी ९.४०
सलीमभाईंचा कागद पर्समध्ये. कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलाय, खाली उर्दूत सही. 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.'
टवका अजून आहे. नखानं निघेल एवढाच.
राजूरकरचा फोन, "वहिनी, गाडी पाठवू?" म्हटलं, "आहे माझी."
पटर डिकीत ठेवला, आडवा येणार नाही असा. डिकी हळू लावली. लागली नाही. तशीच उघडी ठेवून वर आले, हे लिहायला. दहाला निघायचं.