हॉलमध्ये तू गायलीस तेव्हा

आये,

मुद्दाम 'आये' लिहितेय. शाळेत जायला लागल्यापासून चारचौघांत तुला 'आई' म्हणायचे आणि घरात 'आये'. तू दोन्हींना ओ द्यायचीस. काल चुलतबहिणीच्या हळदीला गेले होते. तिथून आल्यापासून काही सुचत नाहीये. सकाळपासून दोनदा पियानोचं झाकण उघडलं आणि दोनदा मिटलं. तू गेलीस त्याला वर्ष होऊन गेलं, एवढे दिवस कुठं होतीस गो, असं विचारशील. लपून बसले होते, दुसरं काय!

आधी पियानोचंच सांगते. वडपे गावातली आपली जमीन गोडाउनला गेली तेव्हा भावकीत कोणी गाड्या घेतल्या, कोणी घरावर मजले चढवले. तू मात्र वसईच्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडचा जुना पियानो घेतलास! का, तर शाळेतल्या मिस म्हणाल्या होत्या की पोरीचा हात चांगला आहे. बाबा असते तर त्यांनीही तुला वेड्यात काढलं असतं. सुताच्या गठड्या वाहणाऱ्या टेम्पोतून तो आला तेव्हा सगळी आळी बघायला जमली. "शेवंते, ह्ये कपाट उघडतं कुठून?" कोणीतरी विचारलं. "कपाट न्हाय, माझ्या पोरीचा बाजा हाय," तू ठसक्यात म्हणालीस. मला त्या 'बाजा'चीसुद्धा लाज वाटली होती.

तू गावची धवलारीण, लग्नाची गाणी म्हणणारी. आपल्यात लग्न लागायचं ते आधी तुझ्या धवल्यांनी, भटजी मागून. मांडव माणसांनी भरलेला असो, समोर आमदार बसलेला असो, तुझा आवाज कधी हलला नाही. आणि तुझ्या पोटी मी! मिसच्या वर्गात चार मुली ऐकायला बसल्या की बोटं गारठून जायची. तू माझे हात तुझ्या गालांवर धरायचीस. "लोकं काय खातात का गो तुला?" मला राग यायचा. भीती ज्याला वाटते त्यालाच कळते, तुला काय कळणार, असं म्हणून मी हात ओढून घ्यायचे.

घरामागच्या कापडाच्या कारखान्यात दिवसभर लूम चालायचे. त्या खटखटीच्या तालावरच माझा हात बसला. शुक्रवारी कारखाना बंद असायचा, सगळं शांत व्हायचं आणि माझ्या चुका व्हायला लागायच्या. मग मी काय केलं? शुक्रवारी वाजवायचंच सोडून दिलं. आहे की नाही शहाणपण! तुझ्या लक्षात आलं होतं. "आज मशिनी बंद हायत, आजच बस जराशी," म्हणायचीस. मी ऐकलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

मी बारावीला असताना ठाण्याच्या हॉलमध्ये मिसच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम झाला. तू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आलीस, केसांत अबोलीचा गजरा. तिसऱ्या रांगेत बसलीस. मी सुरू केलं, बरं चाललं होतं. अर्ध्यावर आले आणि एकदम जाणवलं की इथे काहीच आवाज नाहीये. कोणी खोकत नाही, पंखासुद्धा वाजत नाही. झालं! हात थांबले. पुढचं काय, काही आठवेना. कानात नुसतं सूं सूं.

आणि तू गायला लागलीस.

ती धून तू भाकऱ्या थापताना रोज ऐकायचीस, तिच्यासोबत गुणगुणायचीस. मी जिथे अडले तिथूनच तू ती उचललीस, पण धवल्यासारखी, ओढून ओढून, खड्या आवाजात, पट्टी भलतीच. माझ्याकडे बघून मान हलवत होतीस, चल पुढं, चल. आधी एक मुलगी हसली, मग सगळा हॉल हसला. मी उठले आणि आत पळाले.

जिन्यात तुला काय बोलले ते तुला आठवत असेल. मला शब्द न् शब्द आठवतो. "हे लग्न नाहीये! कुठे काय करायचं एवढंही कळत नाही का तुला? लोक हसतात तुझ्यावर. पुन्हा माझ्या कुठल्याही कार्यक्रमाला येऊ नकोस." तू म्हणालीस, "बरं बाय." एवढंच. एक थोबाडीत तरी द्यायचीस! येताना एसटीत मला खिडकी दिलीस, पाण्याची बाटली दिलीस आणि कशेळीच्या पुलावर हळूच विचारलंस, "लय जोरानं झालं का गो?" मी बाहेर बघत राहिले. नाही म्हणायला माझं काय जात होतं?

त्यानंतर तू खरंच कधी आली नाहीस. मला वाटलं, बरं झालं, समजली. पण तू लग्नांतही हळूहळू मागे सरकायला लागलीस. कधी घसा बसलाय, कधी पाय दुखतायत. मी कॉलेज, मग माझी कल्याणची पियानोची शिकवणी यांत होते. लक्षात आलं नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू? आलं होतं. विचारलं नाही.

मग दादाचं लग्न. तुझ्या पोटच्या पोराचं! मांडवात बायका तुझ्या मागे लागल्या, "शेवंताबाय, आज तरी न्हाय म्हनू नको." तू हसत होतीस आणि 'नको नको' करत होतीस. शेवटी पुटपुटलीस, "हसतील गो लोकं." मी शेजारीच होते. तुझा हात हातात घेतला, तर तो गार पडलेला, घामाने ओला. कार्यक्रमाआधी माझा व्हायचा तसाच! ज्या बाईला उभ्या जन्मात भीती ठाऊक नव्हती, तिला माझी भीती मी देऊन बसले होते. मी तो हात माझ्या गालावर धरायला हवा होता की नाही? मी सोडून दिला. कल्याणच्या माझ्या मैत्रिणी पुढे बसल्या होत्या, आणि तू गाणार नाहीस हे कळल्यावर मला, देवाशप्पथ सांगते, सुटल्यासारखं वाटलं. भाड्याने आणलेल्या बाईने दादाचे धवले गायले. तू तिच्या पाटाला रांगोळी काढलीस. हे मला विसरता येत नाही आये, आणि विसरूही नये.

तर कालची हळद. तुझ्यासोबत गायची ती बारकीकाकी आता धवलारीण आहे. पार थकलीय. गाता गाता मध्येच विसरली. मला वाटलं, आता हसतात! पण ओळ खाली पडलीच नाही. मागच्या बायकांनी ती तिथल्या तिथे उचलली. एकीचा आवाज चढा, एकीचा घोगरा, पट्टी कोणाची कोणाला लागेना. काकी निवांत पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि पुढच्या ओळीला परत शिरली. कोणी तिच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. लहानपणापासून हेच बघत वाढले होते मी. आणि तरी त्या हॉलमध्ये तू काय करत होतीस ते मला कळलं नाही! हळदीचं ताट हातात घेऊन मी खांबासारखी उभी राहिले.

नंतर मी काकीला विचारलं, "विसरलीस तेव्हा भीती नाही वाटली?"

"भीती कसली गो? एकलीचं गानं हाय का त्ये?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी आय लय घोर लावून घ्यायची तुझ्यापायी. म्हनायची, माझी पोर एकलीच बसते त्या बाज्याम्होरं, तिच्या गान्याची वल उचलायला मागं कोन न्हाय."

हे तू मला का नाही सांगितलंस? का मी सांगू देण्यासारखी नव्हतेच?

माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच 'बरं बाय' म्हणशील आणि मी सुटेन, ते नको. धवला गाईन असंही वचन देत नाही, माझा गळा तुला माहीत आहे. पण पुढच्या रविवारी माझ्या शिकवणीतल्या मुलांचा कार्यक्रम आहे. त्यात शेवटी मी वाजवणार आहे, तीच धून, पहिल्यापासून. ठाण्यानंतर मी लोकांसमोर वाजवलेलं नाही, मुलांना पुढे करते आणि पडद्याआड उभी राहते. हात गार पडणारच. अडले तर अडले.

आणि अजून एक. दरवर्षी कार्यक्रम सुरू होण्याआधी मी स्वतः माईकवर सांगते, 'पालकांनी कृपया अजिबात आवाज करू नये.' यंदा सांगणार नाही. उलट सांगणार आहे, पोर अडलं आणि तुम्हाला पुढचं येत असलं, तर बसल्या जागेवरून म्हणा. सुरात नसलं तरी चालेल. मोठ्याने म्हणा.

तुझीच,
वैजू