ठिपकीचं दाणापाणी

सोमवार, ३ मार्च

सुटले एकदाची! दादाच्या घरातून बॅग उचलली, तर वहिनी दारापर्यंतही आली नाही. यातच सगळं आलं. नव्या नोकरीत राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि काम काय, तर पाल सांभाळायची! तिला लेपर्ड गेको म्हणतात. बिबट्यासारखे ठिपके, जाड शेपूट, तोंड कायम हसरं. मी तिचं नाव ठिपकी ठेवलं. मालकीणबाई मात्र तिला 'बाळ' म्हणतात.

बाईंनी सगळं नीट समजावलं. काचेच्या पेटीची एक बाजू गरम ठेवायची, एक गार. पाण्याची वाटी रोज घासून भरायची. दिवेलागणीला चिमट्यानं जिवंत रातकिडे सोडायचे. मेलेला किडा चालत नाही, कारण जे हलत नाही ते तिला दिसतच नाही म्हणे.

माझी खोली छान आहे. पलंगामागची भिंत कोमट लागते. पलीकडे अडगळीची खोली आहे, कायम बंद असते. तिच्या दाराशी रोज सकाळी बादलीभर पाणी ठेवायचं, एवढंच जादा काम. झाडांसाठी असेल.

गुरुवार, ६ मार्च

रातकिडा उपाशीपोटी द्यायचा नसतो, हे आज कळलं. आदल्या दिवशी त्याला गाजर, पालेभाजी चारून टुम्म करायचं, म्हणजे ते सत्त्व पालीला मिळतं. मग पिशवीत घालून कॅल्शियमची पांढरी पूड माखायची. मी म्हटलं, मरणाऱ्याचे काय हे लाड! बाई हसल्या नाहीत.

लाड तर त्या माझेही करतात. समोर बसून आग्रहानं वाढतात. वहिनी माझे घास मोजायची, इथे मी पुरे म्हटलं की बाईंचा चेहरा पडतो. आज वाढताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि माझे डोळे भरून आले. आई गेल्यापासून मला इतकं पोटभर कुणी वाढलं नव्हतं.

मंगळवार, ११ मार्च

बादली रोज तळापर्यंत रिकामी होते. घरात कुंडी एकही नाही, मी सगळीकडे पाहिलं. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, नसत्या चौकशा नकोत, दूध पिऊन घे. मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात, पण आमची ठिपकी मुकी. दिवसभर बंद खोलीच्या दिशेला तोंड करून बसते.

शुक्रवार, १४ मार्च

जरा बाजारात जाऊन येते म्हटलं. बाहेरच्या दाराला कुलूप. बाई म्हणाल्या, अशक्त आहेस, आधी अंगावर मांस चढू दे. माझा फोनही त्यांनी दुरुस्तीला दिलाय. बिघडला कधी होता? खिडक्या उघडत नाहीत. जाड काच आहे, ठिपकीच्या पेटीला आहे तशीच.

बादली ठेवताना आत काहीतरी जड सरकलं. मी थिजले. तेही थांबलं. मी पाऊल उचललं, तशी दारावर धडक बसली.

सोमवार, १७ मार्च

दाराखालच्या फटीतून कातीचा तुकडा बाहेर आलाय. ठिपकीची कात रुमालाएवढीसुद्धा नसते. ही चादरीएवढी. ठिपके तेच.

बाळ म्हणतात तिला. बाळाची आई —

काच बडवली. रस्त्यावरून माणसं जात होती. एकानं हात हलवला, हसला, गेला.

मंगळवार, १८ मार्च

काल बाईंनी दिवसभर खाऊ घातलं. नको म्हटलं, तर घास तोंडात कोंबला. आज दुपारी डोळा लागला. जाग आली, तर अंगभर पांढरी पूड. केसांत, पापण्यांवर. धुतली तरी —

वहिनीचे मोजलेले घास बरे होते. दादा, मला घेऊन जा. मी परत कधी भांडणार नाही.

दिवेलागण

बाईंनी बंद खोलीचं कुलूप काढलं. ऐकलं मी. मग बाहेरचं दार लागलं. गेल्या.

माझ्या दाराला कडी नाही. पलंग सरकत नाही —

आली. डोकं दारात अडकलंय. तोंड हसरं.

हलायचं नाही. जे हलत नाही ते तिला दिसत नाही. बसलेय तशीच. श्वास हळू. वही मिटायला हवी, पण लिहायचं थांबले तर किंचाळेन —

खांदे आत आले.

बघतेय. माझ्याकडे नाही. माझ्या हाताक