शुक्रवारचं पाणी

डोंबिवली (पूर्व),
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

ती. बाबा,
सप्रेम जयभीम.

नाशिकची थंडी ओसरली असेल. तुमचा खोकला कसा आहे? मफलर पाठवलाय, तो प्रफुल्लदादाला देऊन टाकू नका.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणजे तुम्ही तसं म्हणता. रविवारी मी तुमच्या जुन्या नोंदवहीचं विचारलं तेव्हा तीनदा "काय? काय?" केलंत. मागून प्रियांकावहिनी हळूच म्हणाली, "चहा टाकू का?" तर लगेच, "साखर कमी." मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकलं नाही.

तुमच्यावरची पुस्तिका जवळजवळ झालीय. आतापर्यंत मुलांसाठी तेरा शास्त्रज्ञांवर लिहिलं, सगळे लांबचे. वाचनालयवाले म्हणाले, आता आपल्या गावातला माणूस घ्या. मानपाड्याच्या चाळीत राहून, कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून, हळदीच्या कागदाने पाणी तपासायला बायकांना शिकवणारा शिवराम, म्हणजे तुम्ही. कागद पिवळा राहिला तर ठीक, लाल झाला तर पाण्यात आम्लारी रसायनं. चौथीतल्या मुलालाही जमेल असा प्रयोग. २८ तारखेला, विज्ञानदिनी प्रकाशन आहे.

माझी एक सवय तुम्हाला माहीत आहे. नुसती तारीख मुलांच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही, म्हणून मी वार घालते. तुमच्या वहीतल्या चाळीच्या विहिरीच्या नोंदींना वार लावायला बसले. ७ ऑक्टोबर १९८८, शुक्रवार. १४ ऑक्टोबर, शुक्रवार. २१, शुक्रवार. पुढे वर्षभर तेच. प्रत्येक नोंदीपुढे: कागद पिवळा.

आधी वाटलं, बरोबरच आहे, तुमची सुट्टी शुक्रवारची. मग लक्षात आलं, सुट्टी तुमच्या एकट्याची नव्हती. शुक्रवारी अख्खी एमआयडीसी बंद. त्या दिवशी कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्याला रंग नसायचा, वास नसायचा. विहीर त्या नाल्याला लागून. सहा दिवस तिच्यात काय झिरपायचं, ते तुम्ही सातव्या दिवशी तपासत होता.

चूक झाली असेल, म्हटलं. सुट्टीच्या दिवशी प्रयोग करणाऱ्या माणसाकडून होईल अशी, साधी. मला तर बरंच वाटलं. माझ्या प्रत्येक पुस्तिकेत शास्त्रज्ञ चुकतो तो प्रसंग असतो, नाहीतर मुलं त्याचा देव करतात.

पण १८ आणि २५ नोव्हेंबरच्या मध्ये एक पान कापलंय. ब्लेडने, सरळ. शिलाईपाशी उरलेल्या पट्टीवर तुमच्या अक्षरात "बुध" एवढंच आहे. बाकी वहीत कुठेही वार नाही, फक्त तिथे. आणि मला पाटी-पेन्सिलीपासून शिकवलंत, की चूक खोडायची नाही, एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. त्या वहीत अशा रेघा एकोणीस आहेत. कापलेलं पान एकच.

मी चाळीतल्या आपल्या शेजारच्या रखमाबाईंकडे गेले. त्या अजून तिथेच राहतात, लेकाच्या, नयनच्या संसारात. मला बघून म्हणाल्या, "आली गं हळदीच्या सायंटिसची पोर! बाप बरा आहे ना? का तिकडे पण विहिरी हुंगत फिरतो?" खूप हसल्या. मग मी बुधवारचं विचारलं.

"आलेला की एकदा. कारखाना चालू असताना, ड्युटी सोडून. बाटलीत कागद बुडवला, उन्हात धरला, नि सगळं ओतून टाकलं. मला म्हणाला, वहिनी, आज नका भरू."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"आज नको म्हणाला गं. उद्याचं काही बोलला नाही. मग भरलं."

त्यांचे हात अजून सोलतात, बाबा. पाण्यानेच झालं असं मी लिहिणार नाही. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हेही तुमचंच.

इथवर मी तुमच्याबद्दल लिहिलं. आता उरलंय ते माझं. चार दिवस ते टाळून मफलर विणत बसले होते.

त्याच हिवाळ्यात आईने मला रोज संध्याकाळी आत्याकडे पाठवायला सुरुवात केली. स्टीलचा कडीचा डबा, आत्याच्या नळाचं पाणी, फक्त आपल्या चौघांच्या पिण्यापुरतं. मी नऊ वर्षांची होते. तुम्ही दारात उकिडवे बसून सांगितलंत, "कुणी विचारलं तर ताक आहे म्हणायचं." एकदा जिन्यात रखमाबाईंनी विचारलंच. मी म्हटलं, ताक. त्या म्हणाल्या, "आमच्या नयनला दे की घोटभर." मी डबा छातीशी धरून पळाले.

तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणून बघितलं. पण ज्याला काही कळत नाही, तो पळत नाही.

तुमची नोकरी, दादाची आणि माझी फी, चाळीतून शिकलेला पहिला माणूस, हे सगळं मला ठाऊक आहे. ते मी प्रेमाने लिहिलंय, वाचाल तेव्हा दिसेल. मला एवढंच कळत नाही, की पान तुम्ही भीतीने कापलंत की कुणी कापायला लावलं. आणि कापलंत तर "बुध" का ठेवलात? ती पट्टी काढायला एक क्षण पुरला असता. कधीतरी कुणीतरी वार लावून बघेल, अशी वाट बघत होतात का?

सोबत छपाईचा कच्चा मजकूर आहे. पान अकरा कोरं सोडलंय, त्या बुधवारचं तुम्ही लिहावं म्हणून. दहाव्या पानावर मी माझा डबा लिहून टाकलाय, नावानिशी. प्रकाशन रखमाबाईंच्या हातून आहे. नयन त्यांना पुस्तिका वाचून दाखवणार आहे, पहिल्या पानापासून.

वीस तारखेपर्यंत पाठवा. दादाकडून लिहवून घेऊ नका, तुमचंच अक्षर हवं. पान कोरं आलं तर मी कोरंच छापेन, आणि वर फक्त तो वार घालेन.

खोकल्याला हळद-दूध घ्या.

तुमचीच,
ताक म्हणून पाणी वाहणारी
मृणाल