कायदा झाला की सही

आबा, तुमच्या नातवाला आष्टीतला प्लॉट विकायचाय. तोच, जो तुम्ही बैलांच्या दलालीच्या पैशातून घेऊन, भावांचा रुसवा पत्करून माझ्या नावावर केलात. आलेले पैसे तो क्रिप्टोत घालणार आहे. क्रिप्टो म्हणजे हाताला न लागणारं, फोनमध्येच राहणारं नाणं. याहून जास्त मलाही समजलेलं नाही. संसदेत त्याचा कायदा येतोय, आला की भाव कुठल्या कुठे जाईल, असं तो दर अधिवेशनाला सांगतो. मी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. मसुदा, विधेयक, दोन सभागृहं, राष्ट्रपतींची सही, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. म्हणूनच 'येतोय' या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. आधी बंदी येणार म्हणत होते, मग नियम येणार म्हणाले, आता म्हणे विचारविनिमय चालू आहे.

परवा तो म्हणाला, "आई, सरकार त्याच्यावर कर घेतंय. खोटं असतं तर घेतला असता का?"

मला आपला बैलबाजार आठवला. मी डबा घेऊन आलेय, रुमालाखाली तुमचा हात गिऱ्हाइकाच्या हातात आहे, बोटांनी भाव चाललाय. बैल मागच्या पायानं किंचित लचकतोय आणि गिऱ्हाईक घुटमळतंय. मी आगाऊपणा करून म्हणाले, फाटकावर रीतसर पावती फाडलीय की याची. तुम्ही तिथल्या तिथे हात काढून घेतलात. "पावती बाजारातल्या जागेची असती, पोरी. लंगड्या बैलाची बी फाडत्यात. पाय आपुनच बघायचा." सौदा मोडला आणि दलाली बुडाली. तेव्हा मला तुमचा फार राग आला होता.

हेच मी त्याला सांगायला हवं होतं. त्याऐवजी म्हणाले, कायदा होऊ दे, मग करते सही. तेव्हापासून रोज सकाळी बातम्या चाळते आणि त्या विधेयकाचं नाव दिसलं नाही की चहा गोड लागतो. कायदा कसा होतो हे शिकवणारी बाई तो होऊ नये म्हणून देवाला हात जोडते. कारण उद्या खरंच झाला, तर माझ्याकडे दुसरी सबब नाही. कायद्याची शंका मला आहेच, आबा. पण खरं सांगू? पोटच्या पोराला 'नाही' म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मी संसदेला पुढे केलं.

आज त्याचा पुण्याहून फोन आला. यंदा कायदा नक्की, भाव चढायच्या आत घेतलं पाहिजे, शनिवारी येतो, प्लॉटची फाईल काढून ठेव. मी बरं म्हणाले. फाईल काढून ठेवली आहे. हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही हे मला कळतं, म्हणून ते तिच्यातच ठेवते, सगळ्यात वर. तोंडानं सांगायचं मला शनिवारीही जमणार नाही.